पाण्याखाली जाण्यास हरकत नाही

राजेश सकपाळने माझ्या टेबलावर अकरा फॉर्म ठेवले आणि वर स्वतःचं पेनही ठेवलं, म्हणजे मला शोधण्याचे कष्ट नकोत.

"मॅडम, फक्त सही आणि शिक्का. बाकी सगळं मी भरलंय."

भरलं होतं खरंच. अंदमानातल्या कुठल्याशा डायव्हिंगवाल्यांनी पाठवलेले फॉर्म होते. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, असे इंग्रजीत दहा प्रश्न, आणि तळाशी डॉक्टरसाठी एक ओळ: या व्यक्तीस पाण्याखाली जाण्यास हरकत नाही. अकरा माणसांच्या एकशेदहा प्रश्नांना एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, एकच उत्तर दिलेलं होतं. नाही. राजेशच्या आईला, तुळजाबाईला, मी चौदा वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या देते. फॉर्मवर तिला रक्तदाब नव्हता. थोरल्या जावयाच्या खिशात दम्याचा पंप असतो. त्यालाही दमा नव्हता. सदुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेली, माझ्या दवाखान्याचा जिना चढताना तीनदा देवाचं नाव घेणारी बाई पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी निघाली होती, आणि तिच्या मुलाच्या मते ती ठणठणीत होती.

"आई पण उतरणार?"

"नाय हो मॅडम, ती काठावरच. पण फॉर्म भरून ठेवला. नंतर कमी नको पडायला."

हे आमच्या महाडचं शास्त्र आहे. पुरात सगळ्यांचे कागद वाहून गेले, तेव्हापासून माणसं लागेल त्याच्या दुप्पट कागद करून ठेवतात आणि दिसेल त्याला प्लास्टिक चढवतात. कागदावर काय लिहिलंय याची फिकीर त्यांना पुराआधीही नव्हती.

सकपाळांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. राजेश थोरला, बेचाळीस वर्षांचा, घराचा कारभारी. दिवाळीपासून तो ही सहल आखत होता. तारीख महाशिवरात्रीनंतरची आणि शिमग्याच्या आधीची, कारण शिमग्यात गावच्या घरी पालखी येते आणि पालखीला हजर नसलेल्या सकपाळाची चर्चा पुढच्या पालखीपर्यंत पुरते. 'मिशन अंदमान' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता आणि त्यात वैद्यकीय सल्लागार म्हणून मलाही कोंबलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे सकपाळ घराण्याचं काय काय मला कळत होतं ते सांगायची सोय नाही. राजेशने मिनिटामिनिटाचं वेळापत्रक टाकलं होतं: सहा दहा चहा, सहा पंचवीस शौच (सर्व). त्याची बायको तेजश्री हिने विचारलं होतं की बेटावर तांदळाची भाकरी मिळते का, आणि नसेल तर विमानात पीठ किती किलो चालतं. टी-शर्ट छापून आले होते, निळे, पाठीवर 'सकपाळ फॅमिली समुद्राच्या भेटीला'. तुळजाबाईने तो नऊवारीवर घालून फोटो काढला होता.

आणि पोहायला एकालाही येत नाही. घराच्या मागे सावित्री वाहते. चार पिढ्या तिच्या काठावर गेल्या, पण त्या घरातल्या माणसाने घोट्याच्या वर पाणी लावून घेतलेलं कुणी पाहिलेलं नाही. पुराच्या साली नदीच कंटाळून त्यांच्या दुकानात आली, चारशे गोणी सिमेंटचा दगड करून गेली, तेवढीच काय ती ओळख. समुद्र म्हणाल तर तो इथून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. पण तो आपला पडला, मातकट. त्यात काय बघायचं?

सगळ्यात अवघड नमुना म्हणजे धाकटा भाऊ विनीत, वय एकोणतीस. हा दुकानावर बसतो असं म्हणायचं. बसतो तेव्हा रील करतो. कशेडीच्या बोगद्यापाशी गाडी लावून काळा चष्मा चढवून करतो, आंबेनळीच्या वळणावर ढगात उभा राहून करतो. ग्रुपवर त्याचे दिवसाला दहा व्हिडिओ यायचे: पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा, अंगठा वर केला की त्याचा अर्थ काय. त्याला आणि बायकोला पाण्याखाली हातात पाटी धरून फोटो काढायचा होता. पाटी तयार होती. बदाम काढून मधे दोघांची नावं, आणि वर अर्थातच प्लास्टिक. माशांनी वाचावी म्हणून असेल.

मी फॉर्म चाळत होते. दहावा त्या बायकोचा होता. निशिगंधा विनीत सकपाळ, वय पंचवीस. प्रश्न पाचवा: कधी आकडी, फिट किंवा अचानक बेशुद्ध पडणं? नाही.

मी पेन खाली ठेवलं.

निशिगंधाचं माहेर पोलादपूरच्या पलीकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. ती तेरा वर्षांची असताना शाळेत पहिल्यांदा आकडी आली. मुलांनी नाकाला चप्पल लावली, गुरुजींनी घरी पोचवलं. तिची आई रखमा दुसऱ्या दिवशी तिला घेऊन एसटीत बसली, पोलादपूरचे डॉक्टर मागे टाकले आणि थेट महाडला माझ्याकडे आली. पोलादपुरात ओळखीचं कुणी भेटलं तर? आमच्या भागात आजार जितका लपवायचा तितकं लांबचं तिकीट काढतात. माझी नर्स उज्वला हिने केसपेपरसाठी नाव विचारलं. रखमा म्हणाली, "बयाबाई." वय? "एकाहत्तर." उज्वलाने समोरच्या दोन वेण्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सासूचं नाव हाय बाई माझ्या," रखमा म्हणाली. "पोरीच्या नावावं रोग नका लिवू. उद्या सोयरीक बघाय गेलं तं कागद बोलतो."

मी लिहू दिलं. नाहीतर ती पोरीला घेऊन परत गेली असती आणि कुठल्यातरी देवऋष्याने तिला धूर दिला असता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मग बारा वर्षं तेच चाललं. खरी बयाबाई तीन वर्षांपूर्वी वारली, तिचं बारावं-तेरावं झालं. माझ्या कपाटातली बयाबाई मात्र सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते, आणि गेल्या पाच वर्षांत तिला एकदाच आकडी आली. ती लग्नाच्या दीड महिना आधी, खरेदीच्या धावपळीत दोन दिवस गोळ्या चुकल्या तेव्हा.

त्या लग्नाला मी गेले होते, नवऱ्या मुलाकडून. मांडवात रखमाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी जेवले, आहेर दिला, घरी आले. पेशंटचं गुपित डॉक्टरने फोडायचं नसतं. हे खरंच आहे. त्यात माझी सोयही होती, हेही तितकंच खरं.

आता सोय संपली होती. जमिनीवर आकडी आली तर माणूस पडतं, दोन मिनिटांनी उठतं. पाण्याखाली आली तर तोंडातली नळी सुटते आणि पुढचा श्वास पाण्याचा असतो. गोळ्या चालू असल्या तरी अशा माणसाला खाली नेत नाहीत. सही केली तर मुलगी मरू शकत होती. नाही केली तर का नाही, हे सकपाळ विचारणार होते, आणि उत्तर कळलं असतं तर ती माहेरी परत गेली असती. अशा परत गेलेल्या तिघी माझ्या ओळखीच्या आहेत.

"एकेकाला तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही," मी राजेशला म्हटलं. "उद्यापासून पाठव."

"मॅडम, दुसरे डॉक्टर तर..."

"मग दुसऱ्यांकडे जा."

तो हसला. मी चिडले की सकपाळ हसतात, गेल्या पिढीपासूनची पद्धत आहे.

दोन दिवसांत सगळे येऊन गेले. निशिगंधाला मी मुद्दाम दुपारी एकटीला बोलावलं. ती आली, समोर बसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी बोटीतच बसणार होते. पाळी आली म्हणून सांगणार होते."

"मग सांग ना."

"जाऊबाईंनी सगळ्यांसाठी गोळ्या नेल्यात, पाळी पुढे ढकलायच्या. रोज जेवल्यावर समोर उभ्या राहून देतात. तुमच्याकडूनच नेल्या."

नेल्या होत्या. सत्यनारायण, लग्न आणि सहल या तीन कार्यांसाठी बायकांची शरीरं घड्याळाच्या काट्यासारखी मागेपुढे करायची आमच्याकडे चाल आहे, आणि चावी माझ्याकडे असते. तेजश्रीने चौघींसाठी मागितल्या, मी चौघींसाठी दिल्या.

"विनीतला सांगून टाक."

"फसवलं म्हणतील."

"फसवलंयसच."

"मी नाय, आईने."

"आईने कागद केला. गप्प तू बसलीस."

"तुम्ही पण," ती म्हणाली.

पोरीला गोळ्यांनी झोप येते, पण जीभ चांगली जागी असते. मी विषय बदलला. गोळ्या कुठे ठेवतेस? कॅल्शियमच्या डबीत. रोज घेतेस? रोज. मग मी तिला सांगितलं की मी बघते काय ते, तू काही बोलू नकोस.

आणि मी कान शोधून काढला. आजारांतही खानदानी आणि हलके असतात. साखर, रक्तदाब हे खानदानी, चारचौघांत मिरवायचे. आकडी ही लपवायची. कानाचा पडदा बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी निशिगंधाच्या फॉर्मवर लिहिलं: डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र, पाण्याखाली जाऊ नये. सोबत तुळजाबाई आणि दमेकरी जावई यांनाही बाद केलं, म्हणजे ती एकटी उठून दिसायला नको. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. अशा माणसांना खरं सांगून उपयोग नसतो, त्यांना पचेल ते द्यावं, असं माझं तीस वर्षांचं मत.

दुसऱ्याच दिवशी तुळजाबाई जिना चढून आली. तीनदा नाही, पाचदा देवाचं नाव घेतलं.

"बाई, खरं सांगा, बहिरी हाय का ती?"

"अहो, बारीक छिद्र आहे. पाण्यात जायचं नाही एवढंच."

"मंग हाक मारली की दुसऱ्यांदा ओ देते ती का? मला वाटायचं मुजोर हाय. आता कळला. तिच्या आयशीने सोयरीक करताना एक शबूद नाय काढला! उद्या पोरं झाली, बहिरी झाली, तं कोन सांभाळील?"

"ते पोरांना लागत नसतं."

"तुम्ही नका त्यांची बाजू घेव. मी बोलावलाय तिच्या आयशीला."

हे मला सुचायला हवं होतं. आमच्याकडे सुनेच्या अंगात खोट काढायला आजार मोठा असावा लागत नाही, दाखला असला की पुरतो. आणि दाखला मीच शिक्क्यासकट दिला होता.

रखमा आली. सकपाळांच्या ओटीवर काय झालं ते मला उज्वलाकडून कळलं, ती त्याच आळीत राहते. तुळजाबाई बोलत सुटली आणि रखमा आधी गार पडली, तिला वाटलं फुटलं सगळं. मग शब्द कानावर आला: कान. कान? बाईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. बारा वर्षं खोटं जपलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायची संधी मिळाली होती. तिने ग्रामदेवतेची शपथ घेतली, पदर खोचला, माझं नाव घेऊन माझ्या डिग्रीचा उद्धार केला, आणि म्हणाली, "चला आत्ताच्या आत्ता कानाच्या डाक्टरकडं. माझ्या पोरीला खोट निघाली तं मी हितंच नाक घासून जाईन."

गेले सगळे. दोन रिक्षा करून. कानाच्या डॉक्टरने तपासलं, दोन्ही कान स्वच्छ. राजेशने नवा फॉर्म पुढे केला, दहा वेळा 'नाही' लिहिलेला, आणि डॉक्टरने खाली सही-शिक्का केला. पाण्याखाली जाण्यास हरकत नाही. मुलीची अब्रू वाचवली म्हणून रखमाने पेढे वाटले. आपण कशावर सही आणली हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं. अंदमान म्हणजे तिला महाबळेश्वरसारखं काहीतरी वाटत होतं.

राजेश मला कागद दाखवायला आला. "तुमची चूक नाय हो मॅडम, वय झालं की होतं असं. मशीनपण जुनं झालं असेल." आणि वर म्हणाला, "आईपण आता शांत आहे."

मी निशिगंधाला फोन केला. बोटीतच बस, पोटात दुखतंय म्हण, चक्कर येते म्हण, काहीही म्हण. "बघते," ती म्हणाली. मागे कुणीतरी बॅगांचं वजन मोठ्याने वाचत होतं. मी फोन ठेवला आणि पुढचा पेशंट आत घेतला. मनात आलं, मूर्खांच्या घरात दिली, मूर्खांसारखं चाललंय, मी काय काय निस्तरू? तो सोमवार होता.

शुक्रवारी, विमानाच्या दोन दिवस आधी, विनीत तिला घेऊन आला. तोच निळा टी-शर्ट. खुर्चीत नीट बसलाही नाही, मोबाईल हातात घेऊन कडेला टेकला.

"मॅडम, बोटीसाठी उलटीच्या गोळ्या द्या. आणि एक गुड न्यूज, हिची भीती गेली."

"कसली भीती?"

"पाण्याची. सारखी म्हणायची, मी बोटीत बसते, पोटात दुखेल, चक्कर येईल. म्हटलं हे टेन्शन आहे. म्हणून मंगळवारपासून रोज सकाळी सवला नेतोय. गरम पाण्याच्या कुंडावर. सकाळी कोण नसतं. मास्क लावून तोंड पाण्यात घालायचं, मी मानेला धरतो आणि टाइम लावतो. पहिल्या दिवशी दहा सेकंद. आज पंचावन्न! हे बघा."

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. वाफ येत होती. पाण्यात तिचे केस पसरले होते, मानेवर त्याचा हात होता आणि तो मोठ्याने आकडे मोजत होता. एकेचाळीस. बेचाळीस. दगडावर ठेवलेल्या मोबाईलकडे बघून मधेच हसत होता. कढत पाणी, कोंडलेला श्वास, रिकामं पोट, पहाटेची अपुरी झोप. आकडी बोलावून आणायला आणखी काय लागतं?

"अक्कल गहाण टाकली आहे का तुम्ही?" मी उभी राहून ओरडले. बाहेर उज्वला थबकलेली दिसली. "मी लिहून दिलं होतं ना, हिला पाण्यात न्यायचं नाही?"

"पण कान तर क्लीन आहे..."

"त्या डॉक्टरला काय कळतं! पडदा आतून पातळ असतो, तो दिसत नाही, त्यासाठी..."

"कान नाय, मॅडम," निशिगंधा म्हणाली. "पुरे करा आता."

मी थांबले. ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, मला फिट येते. तेराव्या वर्षापासून. कॅल्शियमच्या डबीत आहेत त्या फिटच्या गोळ्या आहेत. आईने सांगू दिलं नाय, आणि मग मलाच सांगवेना. कुंडावर रोज वाटायचं आज सांगते. तुम्ही इतके खूश असायचा."

व्हिडिओ संपून पुन्हा लागला होता, मोबाईल अजून मोजत होता. एकोणपन्नास, पन्नास. विनीतने तो बंद केला. आता हा ओरडणार, मी मनात म्हटलं. आता फसवलं म्हणणार, भावाला फोन लावणार, सकपाळांची फौज जिना चढून येणार. मी उत्तरं तयार करायला लागले.

"तू जरा बाहेर बस," तो तिला म्हणाला.

"मी इथंच बसते."

मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, कुंडात फिट आली असती तर?"

"पाणी छातीत गेलं असतं."

"मला कळलं असतं?"

खोटं बोलायचा मोह मला तेव्हाही झाला. "लगेच नाही," मी म्हटलं. "तुम्हाला वाटलं असतं, ती वेळ वाढवतेय."

त्याने तो हात, मानेला धरायचा, दुसऱ्या हाताने घट्ट आवळला.

"तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"म्हणून कान."

"तिचा संसार वाचावा म्हणून."

"कोणापासून?" त्याने विचारलं. "माझ्यापासून?"

माझ्याकडे उत्तर होतं. कानाच्या एवढ्याशा भोकावरून तुझ्या आईने काय तमाशा केला ते बघ, असं मी म्हटलं. रखमाला बोलावून घेतलं, पोरांपर्यंत पोचली. आकडी म्हटल्यावर काय झालं असतं?

"ती आई झाली. ती बोलणारच. मी विचारतोय, तुम्ही मला कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. बारा वर्षं मी रखमाला ओळखत होते, चौदा वर्षं तुळजाबाईला. विनीतला मी रीलवाला म्हणून एका ओळीत निकालात काढलं होतं. त्याच्या बायकोचा जीव त्याच्याच हातात होता, अगदी शब्दशः, चार सकाळी, आणि मी त्याला सांगण्याच्या लायकीचा समजले नव्हते. मला लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, त्याची मला सवय आहे.

"घरी सांगतो मीच घाबरलो," तो निशिगंधाला म्हणाला. "कुंडात हातपाय लटपटले म्हणतो. दोन तिकिटं रद्द. दादा वर्षभर चिडवेल."

"तसं नको. खरं सांगू या."

"सांगू. तू म्हणशील तेव्हा, मी बाजूला असताना. आईला एकटीने नाय तोंड द्यायचं." तो उठला. डोळे लाल झाले होते. तो रागावलेला होताच, तिच्यावरही होता. बाहेर गेल्यावर त्यांच्यात काय झालं असेल ते मला माहीत नाही. पण तिची पर्स त्याने उचलून घेतली.

"मॅडम, पुढच्या महिन्यापासून हिला दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवू."

"विनीत, बारा वर्षं मी हिला बघतेय. औषधं कधी बदलली, का बदलली, सगळं मला माहीत आहे. रागाच्या भरात असं करू नका."

"रागात नाय बोलत. तुम्ही हुशार आहात, सगळं गाव म्हणतं. पण तुम्ही आम्हाला माणसात धरत नाय." हे तो खाली बघून, शाळेतल्या मुलासारखं म्हणाला. "कमी हुशार चालेल आम्हाला. खरं सांगणारा पायजे."

ती दोघं दारापर्यंत गेली. काहीतरी करायला हवं म्हणून मी मागून म्हटलं, "गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. जागरण नाही. उपास नाही. आकडी आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पलबिप्पल लावायची नाही."

विनीत परत आला. राजेशने मागच्या आठवड्यात विसरलेलं निळं पेन अजून टेबलावर होतं, ते त्याने बाजूला सारलं आणि माझं लेटरहेड माझ्यासमोर ठेवलं.

"लिहून द्या," तो म्हणाला. "तुमचं तोंडी आता नको."

मी खाली बसले आणि लिहायला लागले. तो शेजारी उभा राहून एकेक ओळ वाचत होता.